अपिलातील निकाल आणि थांबलेला दावा
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात तिरोडा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या या मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, वृद्धांचा सन्मान झाला, वधूवरांचा परिचय झाला. अशा मंगल प्रसंगी कोर्टकचेरीचा विषय काढणे पुष्कळांस अप्रशस्त वाटेल याची आम्हांस जाणीव आहे. तथापि ज्या समाजाचे पोट धानाच्या बांधीवर चालते, त्या समाजाच्या घराघरांत धान्याच्या कोठीजवळच एखादी पत्र्याची पेटी असते आणि त्या पेटीत कापडात गुंडाळलेले दाव्याचे कागद असतात, ही गोष्ट नाकारण्यात काय हशील? आमचे उभे आयुष्य वकिलीच्या धंद्यात गेले. त्या अनुभवातून जे शिकलो ते आपणांपुढे ठेवावे आणि जेथे आमचेच चुकले तेही सांगावे, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

पक्षकार आम्हांस वारंवार एक प्रश्न विचारीत आले. कोणी म्हणतो, “वकीलसाहेब, वरच्या कोर्टात अपील चालू आहे, मग खाली हा दुसरा दावा कसा चालतो? तो थांबवा.” दुसरा म्हणतो, “माझा दावा थांबला आहे, तो किती दिवस थांबणार?” दोन्ही प्रश्न एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. त्यांचे उत्तर समजून घेण्याआधी न्यायालयांची पायरी ध्यानात घेतली पाहिजे.

आपल्या तालुक्यातील माणसाचा जमिनीचा दावा प्रथम दिवाणी न्यायालयात चालतो. त्यावरील अपील साधारणतः गोंदियाच्या जिल्हा न्यायालयात जाते. तेथून दुसरे अपील, तेही केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जाते, आणि त्यावर दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय. आमच्या आजोबांच्या काळी ही पायरी निराळी होती. तेव्हा तिरोडा ही भंडारा जिल्ह्याची तहसील होती. नागपूरला १९३६ साली स्वतंत्र उच्च न्यायालय झाले आणि १९४९ सालापर्यंत शेवटचा शब्द समुद्रापार लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला भाग मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि १ मे १९९९ रोजी गोंदिया हा वेगळा जिल्हा झाला. पायऱ्यांची नावे बदलली, परंतु पायऱ्या चढणारा माणूस तोच राहिला. त्याच्या काखेतील पिशवीही तीच राहिली.

आता पहिला गैरसमज दूर करू. अपील दाखल केले म्हणजे सर्व काही आपोआप थांबते, असे पुष्कळांना वाटते. कायदा नेमके उलट सांगतो. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ हिच्या ४१ व्या आदेशातील पाचव्या नियमाप्रमाणे केवळ अपील केल्याने हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. ती थांबवावयाची असेल तर वेगळा अर्ज करावा लागतो. स्थगिती न दिल्यास आपले भारी नुकसान होईल, अर्ज करण्यास आपण विनाकारण उशीर केला नाही आणि हुकूमनाम्याच्या पूर्ततेसाठी आपण जामीन देण्यास तयार आहो, या तीन गोष्टी न्यायालयास पटवाव्या लागतात. वाटणीच्या दाव्यात प्रथम प्राथमिक हुकूमनामा होतो आणि कोणाचा किती हिस्सा ते ठरते. मग शेतसारा भरणाऱ्या जमिनीचे प्रत्यक्ष तुकडे संहितेच्या ५४ व्या कलमान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या मार्फत पाडले जातात. प्राथमिक हुकूमनाम्यावर अपील केले आणि स्थगिती मागितली नाही, तर अपील गोंदियात आणि मोजणीदाराची साखळी बांधीत, असा प्रकार घडू शकतो. शिवाय, प्राथमिक हुकूमनाम्यावर जो वेळीच अपील करीत नाही, त्यास पुढे अंतिम हुकूमनाम्याच्या अपिलात त्याविरुद्ध तक्रार करता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

दुसरा भाग आहे वेगळ्या दाव्याचा. एका दाव्याचे अपील प्रलंबित आहे आणि त्याच माणसांमध्ये त्याच गोष्टीवरून दुसरा दावा उभा राहिला, तर काय करावे? यासाठी संहितेचे दहावे कलम आहे. त्यातील अटी आम्ही सोप्या भाषेत सांगतो. आधी दाखल झालेला दावा अद्याप प्रलंबित असला पाहिजे, आणि अपील चालू असेपर्यंत तो प्रलंबितच समजला जातो. दोन्ही दाव्यांत मुख्य वादाचा मुद्दा एकच असला पाहिजे. नुसते साम्य पुरत नाही. पक्षकार तेच, अथवा त्यांच्या हक्काने दावा सांगणारे असले पाहिजेत आणि ते त्याच नात्याने भांडत असले पाहिजेत. शेवटची अट अशी की, पहिल्या न्यायालयास दुसऱ्या दाव्यात मागितलेली दाद देण्याचा अधिकार असला पाहिजे. एवढे जुळले की दुसऱ्या दाव्याची सुनावणी पुढे चालविता येत नाही. ही न्यायाधीशाची मेहेरबानी नव्हे, तो कायद्याचा हुकूम आहे. मागाहून दाखल झालेला दावा थांबतो, आधीचा नव्हे, हेही ध्यानात असावे. एका प्रश्नावर दोन न्यायालयांनी दोन परस्परविरुद्ध निकाल देऊ नयेत, हे या कलमाचे मर्म आहे.

हे जुळते की नाही हे ओळखण्याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने दिली आहे: पहिल्या दाव्याचा अंतिम निकाल दुसऱ्या दाव्यास कायमचा बंधनकारक होईल काय? होत असेल तर थांबावे. होत नसेल तर दोन्ही दावे आपापल्या वाटेने जाऊ द्यावेत. २००५ सालच्या निकालसंग्रहांत प्रसिद्ध झालेल्या बंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या प्रकरणात कर्मचाऱ्याच्या बडतर्फीचा वाद कामगार न्यायालयाकडून वर गेला होता आणि संस्थेने पैशाच्या वसुलीचा दिवाणी दावा वेगळा लावला होता. दोहोंचा उगम एक असला तरी विषय एक नव्हता, म्हणून दावा थांबविणे योग्य नाही असे ठरले. तसेच २०१३ साली मुंबईच्या एका भाड्याच्या जागेविषयी झाले. मालकाने जागा न वापरल्याच्या कारणावरून एकामागून एक दावे लावले होते आणि खालच्या न्यायालयांनी शेवटचा दावा थांबविला होता. सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगिती उठविली, कारण प्रत्येक दाव्यातील न वापरल्याचा काळ निराळा होता. याच न्यायाने तलाठ्याकडील फेरफाराचा किंवा तहसीलदारापुढील महसुली वाद हा ‘दावा’ नव्हे. त्यामुळे दहाव्या कलमाची ढाल तेथे चालत नाही, आणि फेरफाराने मालकीही ठरत नाही.

जेथे दहावे कलम तंतोतंत बसत नाही, परंतु अपिलाच्या निकालावाचून दावा चालविणे व्यर्थ ठरेल, तेथे १५१ व्या कलमातील अंगभूत अधिकारान्वये न्यायालयास थांबण्यास सांगता येते. परंतु तेथे हक्क नसून विनंती असते. कोणाचे नुकसान अधिक, अपील किती पुढे गेले आहे, अर्जदार केवळ वेळ काढीत नाही ना, हे सर्व न्यायाधीश तोलून पाहतात.

बंधुभगिनींनो, येथवर आम्ही कायदा सांगितला. आता एक घर सांगतो. गावाचे नाव घेणार नाही, माणसांचे तर नाहीच.

दोन सख्खे भाऊ होते. वडिलांच्या मागे बारा एकर धानाची जमीन, एक विहीर आणि एक घर. धाकट्याने वाटणीचा दावा लावला. थोरला म्हणाला, यातील पाच एकर बांधी मी माझ्या कमाईने घेतली, ती वडिलोपार्जित नव्हे. खालच्या न्यायालयाने सर्व जमीन एकत्र कुटुंबाची ठरवून धाकट्यास निम्मा हिस्सा दिला. थोरल्याने अपील केले आणि अपिलात ‘जैसे थे’ असा हुकूम मिळविला. पुढील वर्षी त्याने त्याच पाच एकरांसाठी धाकट्याविरुद्ध मनाई हुकुमाचा दुसरा दावा आणला. धाकट्याचे वकील आम्ही होतो. आम्ही दहाव्या कलमाचा अर्ज दिला. अटी चोख जुळत होत्या आणि दावा थांबला. त्या दिवशी आम्ही फार खूश होतो. पक्षकाराने पेढे वाटले.

परंतु ‘जैसे थे’ म्हणजे कसे? दोघेही म्हणत, ताबा माझाच. मृगात नांगर घेऊन थोरला गेला तर धाकटा आडवा येई. धाकट्याने पऱ्हे टाकले तर थोरला पोलीस ठाण्यात जाई. थोरल्याचा तात्पुरत्या मनाईचा अर्ज थांबलेल्या दाव्यात तसाच पडून होता. दावा थांबला म्हणजे त्यातील सर्वच थांबले, असे त्यांच्या वकिलास वाटले, आणि खरे सांगायचे तर आम्हांसही तेच सोयीचे वाटले. तीन पावसाळे ती पाच एकर बांधी पडीक राहिली. रोवणी झाली नाही. धानानंतरची लाखोळी पेरली गेली नाही. धुरे फुटले आणि गाजरगवत छातीएवढे वाढले.

एके दिवशी त्या दोघांची म्हातारी आई आमच्या ओट्यावर आली. तिने दाव्याची हकीकत विचारली नाही. ती एवढेच म्हणाली, “कोर्टानं थांबवलं म्हणता वकीलसाहेब, मग पाऊस थांबते का जी?” आम्हांस उत्तर देता आले नाही. त्याच हिवाळ्यात ती वारली. दोन भावांनी तिची तेरवी दोन अंगणांत केली.

पुढे अपील फेटाळले गेले. थांबलेला दावा एका पेशीत निकालात निघाला, कारण मुद्दा आधीच ठरला होता. आमचा पक्षकार जिंकला. परंतु तीन वर्षांचे धान त्यास कोणी परत दिले नाही, आणि आई तर नाहीच.

या हकिकतीत कायद्याचा दोष नव्हता, दोष आमच्या समजुतीचा होता. दहावे कलम सुनावणी थांबविते, न्यायालयाचे हात बांधीत नाही. १९९८ साली महाराष्ट्र राज्य सहकारी पणन महासंघ आणि इंडियन बँक यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे की थांबलेल्या दाव्यातही तात्पुरता मनाई हुकूम देता येतो, रिसिव्हर नेमता येतो. त्या पाच एकरांसाठी आम्हांला, किंवा समोरच्या वकिलांना, एवढाच अर्ज करावयाचा होता की हंगामापुरती जमीन रिसिव्हरच्या हाती द्यावी, किंवा दोघांपैकी एकाने ती कसावी आणि उत्पन्नाचा हिशेब न्यायालयात भरावा. तो अर्ज आम्ही केला नाही. दावा थांबविण्यात आम्ही जिंकलो आणि शेत थांबले याकडे पाहिले नाही. हे शल्य आजही आमच्या मनात आहे आणि म्हणूनच हा विषय आम्ही येथे मांडीत आहो.

कोणी विचारील, मग थांबविण्याची ही व्यवस्थाच वाईट नव्हे काय? तसे नाही. पहिला निकाल हा शेवटचा निकाल नसतो. महाराष्ट्रास ठाऊक असलेले ताई महाराज प्रकरण आठवावे. पुण्याचे सरदार बाबा महाराज १८९७ साली वारले आणि लोकमान्य टिळक त्यांच्या मृत्युपत्राचे एक विश्वस्त होते. १९०१ साली औरंगाबादेस झालेले दत्तविधान खरे की खोटे, या एका प्रश्नावरून फौजदारी आणि दिवाणी असे खटले उभे राहिले. फौजदारीत टिळकांस १९०३ साली शिक्षा झाली आणि १९०४ साली उच्च न्यायालयाने त्यांस निर्दोष ठरविले. दिवाणी दाव्यात १९०६ साली खालच्या न्यायालयाने टिळकांच्या बाजूने, १९१० साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या विरुद्ध आणि १९१५ साली प्रिव्ही कौन्सिलने पुन्हा त्यांच्या बाजूने निकाल दिला. एकच प्रश्न, आणि निकाल असे उलटसुलट. मधल्या निकालावर विसंबून आणखी चार दावे चालविले असते तर ते सर्व वाहून गेले असते. म्हणून वरच्या न्यायालयाची वाट पाहणे शहाणपणाचेच आहे. परंतु ज्यांच्या नावाने हे प्रकरण ओळखले जाते त्या ताई महाराज १९०३ सालीच निवर्तल्या होत्या, ही गोष्टही विसरू नये. वाट पाहणे योग्य असले तरी वाट पाहणाऱ्याचे वय थांबत नाही.

स्थगितीच्या मुदतीविषयीही गोंधळ आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले होते की खालच्या न्यायालयातील कामकाजास वरच्या न्यायालयाने दिलेली स्थगिती सहा महिन्यांनी, वेगळी वाढविली नसल्यास, आपोआप संपेल. ते वाचून पुष्कळ जण अजूनही सहा महिने मोजीत बसतात. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो नियम रद्द केला. आता स्थगिती आपोआप संपत नाही. ज्यास ती उठवावयाची आहे त्याने स्वतः अर्ज केला पाहिजे. स्वस्थ बसणाऱ्याचा दावा स्वस्थ बसतो.

तेव्हा ज्या घरी असा प्रसंग असेल त्यांना आमचे नम्र सांगणे आहे. स्थगितीचा अर्ज करताना पहिल्या दाव्याचा दावापत्राचा व कैफियतीचा मजकूर, निकालाची नक्कल आणि अपील प्रलंबित असल्याचा दाखला सोबत जोडावा. मुद्दे एकच असल्याचे कागदावरूनच दिसले पाहिजे, तोंडी सांगून भागत नाही. त्याच अर्जासोबत हंगामात जमीन कोण कसणार, पीक कोणी काढावयाचे आणि हिशेब कोठे भरावयाचा, याची तात्पुरती व्यवस्था मागून घ्यावी. दावा थांबला की अपील लौकर बोर्डावर घेण्याचा अर्ज वर द्यावा. दोन दावे एकत्र निकालात निघाले आणि मुद्दा एकच असला, तर दोन्ही हुकूमनाम्यांवर अपील करावे. एकाच हुकूमनाम्यावर अपील करून दुसरा तसाच सोडला तर तो सोडलेला निकालच पुढे आपल्या आड येतो. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन अपिलांपैकी एक पडले असता दुसऱ्यासही बाध येतो असे ठरविले आहे. वादातील जमीन कोणी विकत देऊ करील तर ती घेऊ नये. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे दावा किंवा अपील चालू असता घेणाऱ्यास त्या निकालाचे बंधन येते. आपल्या जमिनीवरील दाव्याची नोंद दुय्यम निबंधकाकडे करून ठेवणे हेही शहाणपणाचे आहे.

आणि सर्वांत शेवटी, थांबलेल्या दाव्याचा काळ म्हणजे भांडणाची विश्रांती आहे. त्या काळाचा उपयोग बोलण्यासाठी करावा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये कोणत्याही न्यायालयातील प्रलंबित दिवाणी प्रकरण, अपीलसुद्धा, लोक अदालतीत मिटविता येते. तेथील निवाड्यास हुकूमनाम्याचे बळ असते, त्यावर अपील नसते, आणि भरलेले न्यायालय शुल्कही परत मिळते. अपील नसते, या दोन शब्दांचे मोल ज्याने नागपूरच्या वाऱ्या केल्या त्यासच कळेल. आपल्या समाजात जाणती माणसे आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, वकील आहेत. दोघा भावांस एका बाजेवर बसविण्याचे काम त्यांनी करावे आणि कागद मात्र कायद्याने करून घ्यावा. गावकीच्या तोंडी निवाड्यावर थांबू नये, कारण तोंडी निवाडा पुढच्या पिढीस आठवत नाही आणि पुन्हा तोच दावा उभा राहतो.

येत्या मृगाला वैनगंगेच्या या काठावर एकही बांधी कोर्टाच्या कारणाने पडीक राहू नये, एवढीच आमची इच्छा आहे. न्यायालयाने दावा थांबविला तर थांबू द्यावा. वरच्या न्यायालयाचा मान राखणे हे सुजाण नागरिकाचे कर्तव्यच आहे. परंतु नांगर थांबू देऊ नये, भावाचे बोलणे थांबू देऊ नये आणि आईची तेरवी दोन अंगणांत होऊ देऊ नये.